मागच्या खिडकीखाली उभे राहू नये

"पुस्तक वेळेवर परत करावे, पाने दुमडू नयेत, जेवताना वाचू नये."

पुस्तकावर शिक्का मारला की ग्रंथपाल हे वाक्य म्हणायचे. प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक सभासदाला. कालच येऊन गेलेल्यालासुद्धा. मध्ये कुठेही न थांबता, एका श्वासात. नवे सभासद बिचकायचे. जुने सभासद पुस्तक काखेत मारून वाक्य संपायच्या आत पायऱ्या उतरू लागायचे, तेव्हा उरलेलं वाक्य त्यांच्या पाठीवर येऊन आदळायचं.

आमच्या पेठेतलं ते वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे बोळ. सगळे त्यांना 'ग्रंथपाल' एवढंच म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं नाव त्याच्या कामानं खाऊन टाकलेलं असतं. मला मात्र बरेच दिवस वाटत होतं की हा माणूस उगाच हेडमास्तरकी करतो. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

"अहो बँकवाले," ते म्हणाले, "हे वाक्य तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी आहे. पूर्ण झालं तर मी ठीक. 'दुमडू'पाशी अडलो तर पंप. 'पुस्तक'च्या पुढेच जाता आलं नाही, तर रिक्षा बोलवा."

ग्रंथपालांना दमा होता. आणि धूळ हा ज्याचा शत्रू, त्या माणसानं जन्मभर जुनी पुस्तकं सांभाळायचं काम पत्करलं होतं. यावर कोणी हसलं की म्हणायचे, "सरकारी पाणबुड्याला पोहता येत नसतं, तसंच."

तो काळ असा होता, की लोक दम्याचा पंप बाथरूममध्ये जाऊन, दाराला कडी लावून ओढत. लग्नाच्या मुलीचा पंप तर आईच्या पर्समध्ये असे. ग्रंथपालांचा पंप शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, सगळ्या जगाला दिसेल असा. लागला की चारचौघांत काढत, हलवत, ओढत, परत ठेवत. "चष्मा लपवतं का कोणी?" एका आजोबांनी काळजीनं सांगितलं, "या पंपाची सवय लागते हो." ग्रंथपाल गंभीरपणे म्हणाले, "मला श्वासाचीच सवय आहे, लहानपणापासून. सुटत नाही."

त्यांच्याकडे पंप दोन होते. एक घरी, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. एक खिशात. पहिल्याला ते दूधवाला म्हणत, दुसऱ्याला बंब. "दूधवाला रोज यायला हवा, बरं वाटत असलं तरी. बंब आग लागल्यावर. आपले लोक काय करतात? जरा बरं वाटलं की दूधवाला बंद करतात, आणि मग रोज बंबाला फोन."

दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन होई. आपट्याची पानं वाटून झाली की ग्रंथपाल सभासदांकडून कवायत करून घेत. स्वतः खुर्चीत बसून दमा लागल्याचं सोंग करायचे आणि सोंग थांबवून मधून मधून सूचना द्यायचे. "झटका येईल तेव्हा मला बोलता येणार नाही, म्हणून आत्ताच बोलून घेतो. मला आडवं करायचं नाही, बसवायचं. भोवती गर्दी नको. पाठ चोळायची नाही, मी काही तान्हं बाळ नाही. पंप हलवा, या प्लास्टिकच्या नळकांड्याला लावा, त्याचं दुसरं टोक माझ्या तोंडात, एक फवारा, मला सावकाश ओढू द्या. मग दुसरा. आणि माझ्याशी बोलताना म्हणा, 'हळू, घाई कुणाला आहे?' घाबरलेला माणूस शेजारी उभा राहिला की माझा श्वास आणखी पळतो." एकेकाला पुढे बोलावून पंप हलवायला लावत. परीक्षेत नापास झालेल्याला बुंदीचा लाडू उशिरा मिळे.

आणि त्यांचं नाक! परत आलेलं पुस्तक ते आधी हातभर लांबून हुंगायचे. ही त्यांची स्वतःला जपण्याची रीत होती, पण तिच्यामुळे अख्ख्या पेठेची घरं त्यांना आतून ठाऊक झाली होती. "हे डांबरगोळ्यांच्या कपाटात होतं." "यांच्याकडे काल मिरच्यांची फोडणी." "या घरात मांजर आहे, आणि तिला ही कादंबरी आवडलेली दिसते." जोरकस वासाची पुस्तकं पुढच्या पायरीवर उन्हात बसायची आणि शुद्ध होऊन आत यायची. नाकाला ते हवालदार म्हणत. "हवालदार सांगतोय, या पुस्तकाला धूर लागलाय."

हे शेवटचं वाक्य एकदा माझ्या पुस्तकाबद्दल होतं.

आता सांगायलाच हवं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. पन्नाशी उलटली तरी काही गोष्टी कुणाशी बोललेलो नाही. मी सिगरेट ओढत होतो. लग्नाआधी बायकोला शब्द दिला होता की सोडली, आणि लग्नानंतर संध्याकाळी "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून निघत होतो. वाचनालयात जात होतोच. फक्त आधी मागच्या बोळात, बंद खिडकीखाली, भिंतीला टेकून एक ओढत होतो. तिथे वारा लागत नसे आणि ओळखीचं कोणी फिरकत नसे.

"घरी कोणी ओढतं का?" ग्रंथपालांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सासरे. अधूनमधून येतात."

माझे सासरे सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारे गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पुढच्याच महिन्यात ते आमच्याकडे राहायला आले, आणि दुपारी वेळ जाईना म्हणून आपणहून वाचनालयात गेले. परत आले ते गोंधळून. "तुमचे ग्रंथपाल सज्जन आहेत," ते म्हणाले, "पण माझा हात हातात घेऊन सारखे म्हणत होते, 'सोडा आता. या वयात तरी सोडा.' काय सोडू?" बायको म्हणाली, "राजकारणावर बोलणं असेल." मी पेपरात तोंड घातलं.

त्या वर्षी दिवाळीच्या फटाक्यांनंतर ग्रंथपालांना बरं वाटेना. थंडीनं नाक चोंदलं. "हवालदार रजेवर गेलाय," ते सांगत. वाक्य रोज संध्याकाळी 'दुमडू'पाशी अडखळू लागलं. रस्त्यावरच्या धुरापासून लांब बसावं म्हणून त्यांनी खुर्ची खोलीच्या मागच्या टोकाला न्यायचं ठरवलं. आणि मलाच विचारलं, "अहो, तुम्ही मागच्या बोळानं येता ना? तिथे काही असतं का? धूर, कचरा वगैरे?"

"काही नाही," मी म्हणालो. "तिथे कोणी फिरकत नाही. स्वच्छ हवा."

खोटं बोललो तेव्हा मनात होतं की उद्यापासून दुसरीकडे जाऊ. 'उद्यापासून' हा शब्द सिगरेट ओढणाऱ्या माणसाला फार जवळचा असतो. त्यांनी खुर्ची हलवली, वर्षानुवर्षांची गंजलेली कडी ठोकून मागची खिडकी उघडली, आणि माझ्या सांगण्यावर विसंबून तिच्याकडे तोंड करून बसू लागले.

चार दिवस मी नदीकडच्या रस्त्याला जाऊन ओढली. पाचव्या दिवशी कंटाळा केला. मग रोजच खिडकीपासून दोन पावलं लांब उभा राहू लागलो, म्हणजे आपण काळजी घेतली असं वाटायचं. धुराला ती दोन पावलं कोणी सांगितली नव्हती.

ग्रंथपालांचं बिघडतच गेलं, आणि त्यांनी तपास सुरू केला. हवालदार रजेवर, तेव्हा साहेबच रस्त्यावर उतरले. पहिली अटक सरस्वतीपुढच्या उदबत्तीला झाली. मग अत्तर लावून येणाऱ्या एका वकिलांना पायरीवरूनच पुस्तकं दिली जाऊ लागली. एका बाईंना गजरा बाहेरच्या खिळ्याला अडकवून आत यावं लागे, आणि जाताना त्या तो विसरत, त्यामुळे खिळ्यावर रोज एक गजरा वाळत असे. पुस्तकं चिकटवायची खळ हद्दपार झाली. कोपऱ्यावरचा चणेवाला आपली शेगडी उचलून पलीकडच्या चौकात गेला. "ग्रंथपालांच्या श्वासापुढं धंदा काय," असं म्हणाला आणि जाताना मला पुडी देऊन गेला.

झटके थांबेनात.

उरली शाई. ती वाचनालयातली काळी मांजर. नोंदणीच्या टेबलावर, शिक्क्याच्या पॅडशेजारी झोपायची. ग्रंथपालांचा तिच्यावर इतका जीव, की तिचा संशय त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतला. "मांजराच्या केसांनी होतं असं डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "इतकी वर्षं नाही झालं. पण आता दुसरं काही उरलंच नाही. तुमची स्कूटर आहे ना?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. म्हणालो, "आहे."

शाईला भाजीच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून, स्कूटरवर पायाशी ठेवून मी तिला शहराबाहेर धायरीला नेलं. तेव्हा धायरी म्हणजे गावच होतं. एका गोठ्यापाशी तिला सोडली. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करत नाही. गुन्हेगारच निर्दोषाला तडीपार करून आला होता, हे आम्हां दोघांनाच माहीत होतं.

आणि मग ती संध्याकाळ. हवेत बोचरा गारठा होता. ती दोन पावलंही जायचं जिवावर आलं, म्हणून मी थेट खिडकीखालीच उभा राहिलो, ओढली, थोटूक विझवलं आणि वळसा घालून पुढच्या दारानं आत गेलो.

ग्रंथपाल खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात टेबलावर रोवून, खांदे कानाला लावून बसले होते. "पुस्तक," म्हणाले, आणि पुढे शब्दच येईना. छातीतून शिट्टी वाजत होती. भोवती पाच-सहा सभासद, सगळे दसऱ्याच्या कवायतीत पास झालेले. त्यांतला एक त्यांना बाकावर आडवं करू पाहत होता. दुसरा पाणी पाजत होता. तिसरा मासिकांच्या जुन्या गठ्ठ्यातला एक अंक काढून वारा घालत होता, आणि त्या अंकावरची धूळ आनंदानं उडत होती. गजऱ्याच्या बाई फक्त "हळू, हळू" म्हणत होत्या, पण किंचाळून.

मी सगळ्यांना बाजूला केलं आणि त्यांना धरायला वाकलो. त्यांनी मला ढकललं.

मला वाटलं, जीव घाबरला म्हणून. पुन्हा जवळ गेलो. त्यांनी तळहात माझ्या छातीवर ठेवून पुन्हा लोटलं, होतं नव्हतं ते बळ लावून. मग एका बोटानं माझ्या शर्टाकडे दाखवलं, आणि दोन बोटांनी स्वतःचं नाक धरलं. हवालदार रजेवर असला तरी इतक्या जवळून चोर सापडतोच. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जीव घुसमटत असलेल्या माणसाच्या डोळ्यांत एवढं सगळं एकदम समजल्याचं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी खिडकी लावली. शर्ट काढून रस्त्यावर भिरकावला. नळावर तोंड-हात धुतले. आणि भोकं पडलेल्या बनियनवर, बायाबापड्यांसमोर, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. त्यांच्या खिशातला पंप काढला, हलवला, टेबलाच्या खणातल्या नळकांड्याला लावला. "हळू," मी म्हणालो, "घाई कुणाला आहे?" माझाच आवाज कापत होता. एक फवारा. श्वास. दुसरा. श्वास. थांबून आणखी. मग त्यांनी प्रयत्न केला.

"पुस्तक... वेळेवर..."

त्याच्या पुढे गाडी जाईना. त्यांनीच शिकवलेलं होतं, म्हणून वाट बघत बसलो नाही. रिक्षा बोलावली. रिक्षातही पंप चालू ठेवला. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्या बनियनकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण दोघांतला?"

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, सुई टोचली. तासाभरात शिट्टी कमी झाली. पेठेत बातमी पसरली होतीच. बायको आली, मागोमाग त्या आठवड्यात पुन्हा राहायला आलेले सासरे. बायकोनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट कुठंय?"

एवढं मोठं पोट बनियनमध्ये लपत नाही, तिथे खोटं कुठे लपणार. ग्रंथपालांनी तोंडावरचा मास्क बोटानं थोडा खाली ओढला.

"खळ... सांडली... माझ्याकडून. वहिनी... रागावू नका."

खळ तर महिनाभर आधीच हद्दपार झाली होती. नंतर त्यांची नजर सासऱ्यांवर गेली. त्यांनी बिछान्यातूनच दोन्ही हात जोडले. "माफ करा. फार बोललो... तुम्हाला." सासरे पूर्वीपेक्षाही जास्त गोंधळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस सज्जन आहे. पण काहीतरी आहे हं."

आठवड्यानं ग्रंथपाल परत कामावर आले. मी समोर जाऊन उभा राहिलो, काय काय बोलायचं ते पाठ करून. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "शाई निर्दोष आहे," एवढंच म्हणाले. "तिला परत आणा."

चार रविवार मी धायरीत गोठ्यागोठ्यांतून "शाई, शाई" करत फिरलो. पाचव्या रविवारी एका ओसरीवर ती दिसली. दुप्पट झाली होती. मला बघून तिनं शेपूट उंच केलं आणि पाठ फिरवली.

"आमच्या पोरीची राणी हाय ती," घरातल्या मावशी म्हणाल्या. "कुणा निर्दयानं पिशवीतनं आणून टाकलीवती. तुमची हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीच्यांची होती."

"मग सांगा त्यास्नी, दूधभात खाती. आन् कालवड तिला घाबरती."

ग्रंथपालांना मी ते शब्दाला शब्द सांगितलं. ते कितीतरी वेळ हसले, मग खोकले, मग शिक्क्याच्या पॅडशेजारची रिकामी जागा हातानं उगाच पुसली. "सुखात आहे. राहू दे." उदबत्ती सोडून बाकी सगळे आरोपी परत आले. चणेवाला आला, अत्तराचे वकीलही आत आले, पण अत्तर न लावता. लावायची सवयच सुटली म्हणाले. शाई तेवढी आली नाही.

आणि माझी शिक्षा? ती शाईची बातमी सांगितली त्याच दिवशी सुरू झाली. त्यांनी माझ्या पुस्तकावर शिक्का मारला आणि म्हणाले,

"पुस्तक वेळेवर परत करावे, पाने दुमडू नयेत, जेवताना वाचू नये, आणि मागच्या खिडकीखाली उभे राहू नये."

एका श्वासात. तेव्हापासून हे चौथं कलम प्रत्येक सभासदाला ऐकवलं जाऊ लागलं. शाळकरी मुलींना, निवृत्त न्यायाधीशांना, माझ्या बायकोलासुद्धा. "खिडकीखाली काय आहे हो?" ती मला विचारायची. "साप निघाला होता बहुतेक," मी सांगायचो. एका मासिकाच्या वर्गणीदारानं तर बोळात जाऊन पाहणी केली आणि भिंत पडायला आली असणार असा अर्ज वाचनालयाच्या समितीला दिला. ग्रंथपाल कुणालाच खुलासा करत नसत. कलम म्हणताना माझ्याकडे बघतही नसत. मी मात्र प्रत्येक वेळी कानशिलापर्यंत तापायचो.

सिगरेट एकदम सुटली नाही. खोटं कशाला लिहू? सुटली, धरली, सुटली. परत केलेलं पुस्तक हुंगून ते कधी पायरीवर उन्हात ठेवत, कधी सरळ कपाटात. त्यावरून मला माझी प्रगती कळे. पुढे काही वर्षांनी माझं एकही पुस्तक उन्हात गेलं नाही, तरी कलम चालूच राहिलं.

मग ती जागा गेली. इमारत पाडायची ठरली, पुस्तकं वाटून टाकली, आणि ग्रंथपाल लेकीकडे हडपसरला राहायला गेले. मी अधूनमधून जात असे. एकदा घरातलं कपाट आवरताना वाचनालयाचा शिक्का असलेलं एक पुस्तक सापडलं, कधीच परत न केलेलं. तेच घेऊन गेलो.

ते गॅलरीत उशांना टेकून बसले होते. खिशात पंप होता, पेन नव्हतं. पुस्तक त्यांनी हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग अगदी नाकाला लावलं. बराच वेळ.

"हवालदार काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही. पुस्तकाचा वास येतोय." त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं, शिक्का मारल्यासारखी मूठ त्यावर हलकेच आपटली आणि म्हणाले, "पुस्तक वेळेवर परत करावे, पाने दुमडू नयेत, जेवताना वाचू नये."

आणि थांबले.

मी वाट पाहिली. "आणि चौथं?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "श्वास पुरला नाही," म्हणाले, आणि हसले. मग आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. तो सांगताना, साखर कमी, आलं घाल, कपबशी ती निळी काढ, असं सगळं एका दमात सांगितलं.

त्यानंतर भेट झाली नाही. गेले ते दम्यानं नव्हे, झोपेत, असं लेकीनं कळवलं. मी आजवर ठरवू शकलेलो नाही, की त्यांना खरंच श्वास पुरला नव्हता, की त्यांनी ते कलम रद्द केलं. बायकोला मी आजवर यातलं काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं की ती वाचेल, मोठ्यानं वाचेल. सासरे आता नाहीत. असते तर त्यांच्याही पाया पडलो असतो, आणि ते पुन्हा गोंधळले असते.

परवा त्या बाजूनं गेलो होतो. मागचा बोळ तेवढा अजून आहे. खिडकी नाही, भिंतही नाही. तरी मी पलीकडच्या कडेनं चाललो, आणि चालता चालता पूर्ण वाक्य म्हटलं, चारही कलमांसकट, एका श्वासात.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे.